‘असं काहून?’ : लैंगिक कल नेमका कशानं ठरतो?

(भाग ४१ चा लिखित मजकूर. बोलताना झालेली अडखळ आणि मधेच आलेला ऑटोचा हॉर्न काढून टाकलाय. बाकी जसं बोललो तसं.)

अमरावतीहून मी पुन्हा एकदा तुमच्या कानात. आजचा भाग जमलं तर इअरफोन लावून ऐका. विषय वाईट आहे म्हणून नाही हो, पण बाजूला बसलेल्या काकाजींना अर्धवटच ऐकू गेलं तर पुढचा तासभर तुम्हीच त्यांना समजावत बसाल.

मागे आपण कलम ३७७ वर भाग केला होता. त्यानंतर जे मेसेज आले, त्यातल्या बहुतेकांत एकच शब्द होता : काहून? ‘एखादं पोट्टं पोट्ट्यावरच प्रेम काहून करते?’ ‘माझी मैत्रीण अशी काहून आहे?’ आणि दोन-तीन जणांचा तर, ‘मी असा काहून झालो?’ तर आज हाच प्रश्न घेऊ. विज्ञानाला आजपर्यंत काय सापडलंय, काय चूक ठरलंय, आणि आपल्या घरांत जी कारणं सांगतात त्यांचं काय.

आधी दोन शब्द नीट करून घेऊ

लैंगिक कल म्हणजे तुम्हाला प्रेमाचं आणि शरीराचं आकर्षण कोणाबद्दल वाटतं. विरुद्ध लिंगाच्या व्यक्तीबद्दल वाटलं तर भिन्नलैंगिक, आपल्याच लिंगाच्या व्यक्तीबद्दल वाटलं तर समलैंगिक, दोन्हींबद्दल वाटलं तर उभयलैंगिक. कोणाबद्दलच फारसं वाटत नाही असेही लोक असतात, ते अलैंगिक.

ट्रान्सजेंडर असणं ही वेगळी गोष्ट आहे. ‘मी स्वतःला पुरुष समजतो की स्त्री की आणखी काही’ हा ओळखीचा प्रश्न झाला. ‘मला कोण आवडतं’ हा कलाचा. आपल्याकडे गे म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर थेट तृतीयपंथी उभे राहतात, आणि मग पुढची सगळी चर्चा घसरते. आज आपण फक्त कलाबद्दल बोलतोय.

आणखी एक फरक. आकर्षण वेगळं, कृती वेगळी, आणि स्वतःला कोणतं नाव देतो ते वेगळं. एखाद्याला पुरुष आवडतात, पण त्यानं आयुष्यात काहीच केलेलं नाही, असं असू शकतं. त्याचा कल तरी तोच राहतो. हा फरक लक्षात ठेवा, पुढे कामी येईल.

हा प्रश्न मराठीत नवा नाही

कोणी म्हणतं, ‘हे सारं मोबाईल आल्यापासून सुरू झालं.’ बरं. मग १९३४ सालचं ऐका.

र. धों. कर्वे हे नाव तुम्ही ऐकलं असेल. धोंडो केशव कर्व्यांचे थोरले चिरंजीव. त्यांनी १९२७ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ नावाचं मासिक सुरू केलं आणि १९५३ मध्ये जाईपर्यंत चालवलं. त्यात वाचकांच्या खाजगी प्रश्नांना उत्तरं दिली जायची. आपला इनबॉक्स आहे ना, तसंच, फक्त पोस्टानं. त्या उत्तरांवर अश्लीलतेचा खटला झाला. वाचकांच्या प्रश्नांत हस्तमैथुनाचे प्रश्न होते आणि समलैंगिकतेचेही. १९३४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात कर्व्यांच्या बाजूनं कोण उभं राहिलं माहीत आहे? डॉ. बाबासाहेब आंबेडकर. त्यांनी हॅवलॉक एलिससारख्या अभ्यासकांच्या लेखनाचा आधार घेतला. लैंगिक प्रश्नांवर लिहिलं म्हणजे ते आपोआप अश्लील होत नाही, हा त्यांचा मुद्दा होता. खटला ते हरले, कर्व्यांना २०० रुपये दंड झाला.

म्हणजे जवळजवळ ९० वर्षांपूर्वी, ना इंटरनेट ना वेबसिरीज, तरी मराठी माणूस पत्र लिहून हेच विचारत होता. त्याच्याही आधी वात्स्यायनाच्या कामसूत्रात ‘तृतीया प्रकृती’चा उल्लेख आहे. बाहेरून आलं असेल तर ते ३७७ कलम. ते इंग्रजांनी १८६० च्या दंडसंहितेत घातलं.

घरात सांगितली जाणारी कारणं

आता आपल्याकडच्या यादीकडे येऊ. एकेक घेऊ.

पहिलं : ‘आईनं लाडावला, बापाचा धाक नव्हता.’ गेल्या शतकात काही मानसोपचारतज्ज्ञही असंच सांगायचे. जरब बसवणारी आई आणि दूर राहणारा बाप. पुढे १९८१ मध्ये किन्से इन्स्टिट्यूटच्या अभ्यासकांनी शेकडो समलैंगिक आणि भिन्नलैंगिक लोकांच्या बालपणाची तुलना छापली. आईवडिलांच्या वागण्यातून कल ठरतो, या समजुतीला त्यांना आधार सापडला नाही. सापडलं ते उलटं : कलाची जाणीव बहुतेकांना लहान वयात, कोणताही अनुभव येण्याआधीच झालेली होती. आणि जरा आजूबाजूला पाहा. वऱ्हाडात बाप शेतात किंवा पुण्या-मुंबईत कामाला, घर आईच्या हातात, अशी किती घरं आहेत? त्यातली सगळी पोरं गे झाली का?

याच मुद्द्यावर एक फार जड पुरावा आहे. काही मुलगे जन्मतःच पोटाच्या खालच्या भागाच्या गंभीर व्यंगासह जन्मले. पूर्वी काही ठिकाणी डॉक्टरांनी त्यांच्यावर शस्त्रक्रिया केली आणि त्यांना मुलगी म्हणून वाढवायला सांगितलं. फ्रॉक, मुलीचं नाव, सगळं. अशा ज्या सात जणांच्या कलाची नोंद अभ्यासात आहे, ते मोठेपणी मुख्यतः स्त्रियांकडेच आकर्षित झाले. माणसं सातच आहेत, हे मान्य. पण वाढवण्यानं कल घडवता येत असता, तर इथे तरी दिसायला हवा होता. एखाद्या पोराला जन्मापासून मुलगी म्हणून वाढवूनही त्याचं आकर्षण बदलत नसेल, तर आईनं जरा जास्त लाड केल्यानं काय होणार?

दुसरं : ‘होस्टेलमध्ये बिघडला.’ ब्रिटनमध्ये १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला लैंगिक वर्तनाचं मोठं राष्ट्रीय सर्वेक्षण झालं. निवासी शाळेत शिकलेल्यांमध्ये समलिंगी अनुभव कधीतरी आल्याचं प्रमाण जास्त निघालं. पण मोठेपणी तसंच आयुष्य जगणाऱ्यांचं प्रमाण काही जास्त निघालं नाही. म्हणजे संधी मिळाली तर कृती घडू शकते, कल काही बदलत नाही. मघाचा फरक इथे कामी आला बघा.

तिसरं, आणि हे जरा जपून बोलायचं आहे : ‘लहानपणी कोणीतरी त्याच्यासोबत वाईट केलं असेल.’ बालपणी अत्याचार झालेले बहुसंख्य लोक मोठे होऊन भिन्नलैंगिकच असतात, आणि बहुसंख्य समलैंगिक लोकांवर असा अत्याचार झालेला नसतो. अत्याचारामुळे कल तयार होतो असा भक्कम पुरावा नाही. उलट जे पोरगं चारचौघांपेक्षा वेगळं वागतं, एकटं पडतं, त्याला अत्याचार करणारे जास्त हेरतात. तुमच्यापैकी कोणासोबत असं झालं असेल, तर एवढंच सांगतो : ते तुमच्या कलाचं कारण नाही, आणि त्यात तुमचा दोषही नाही.

चौथं : ‘हे निसर्गात कुठेच नाही.’ आपल्याकडे धनगर बांधव मेंढरं घेऊन फिरतात, त्यांना मेंढ्याच्या स्वभावाबद्दल विचारा. अमेरिकेत ओरेगॉनमध्ये मेंढ्यांवर नीट अभ्यास झाला. कळपातल्या साधारण ८ टक्के नरांनी, मादी समोर असतानाही, नरालाच पसंती दिली. त्या मेंढ्यांकडे काही मोबाईल नव्हता.

मग जन्मातच असतं का? जुळ्यांना विचारू

एखादी गोष्ट रक्तातून येते का, हे पाहायची एक जुनी युक्ती म्हणजे जुळी भावंडं. एकाच बीजांडातून झालेल्या हुबेहूब जुळ्यांचे जीन्स जवळजवळ शंभर टक्के सारखे. दोन बीजांडांतून झालेल्या जुळ्यांचे साध्या भावंडांइतकेच, सरासरी निम्मे.

१९९१ मध्ये बेली आणि पिलार्ड या अमेरिकन संशोधकांनी गे पुरुषांच्या भावांची पाहणी केली. हुबेहूब जुळ्या भावांपैकी ५२ टक्के गे किंवा उभयलैंगिक निघाले, साध्या जुळ्यांपैकी २२ टक्के, आणि दत्तक भावांपैकी ११ टक्के. पण ही माणसं जाहिरात देऊन गोळा केली होती. ज्याचा भाऊही गे आहे, तो अशा जाहिरातीला जास्त उत्साहानं उत्तर देणार. पुढे जुळ्यांच्या सरकारी नोंदी वापरून मोठे अभ्यास झाले, तेव्हा आकडे खाली आले. २०१० चा स्वीडनचा अभ्यास सांगतो की लोकांलोकांत समलिंगी वर्तनाचा जो फरक दिसतो, त्यातला पुरुषांमधला साधारण ३४ ते ३९ टक्के आणि स्त्रियांमधला १८ ते १९ टक्के फरक जीन्समुळे पडतो.

म्हणजे दोन गोष्टी एकदम खऱ्या आहेत. जीन्सचा हात आहे. आणि जीन्स म्हणजेच सगळं नाही, कारण तसं असतं तर हुबेहूब जुळ्यांमध्ये एक गे आणि दुसरा नाही असं कधी दिसलंच नसतं. ते तर नेहमी दिसतं.

इथे एक मोठी गफलत होते. उरलेला भाग शास्त्रज्ञ ‘वातावरण’ या खात्यात टाकतात. हे ऐकलं की काकाजी म्हणतात, ‘पाय, मी म्हणलं नव्हतं, संगत!’ नाही काकाजी. संशोधनाच्या भाषेत वातावरण म्हणजे जीन्स सोडून बाकी सारं : पोटात असताना कोणाला किती रक्त मिळालं, कोणती संप्रेरकं किती पोचली, मेंदू घडताना योगायोगानं काय झालं. त्या स्वीडिश अभ्यासात पुरुषांच्या बाबतीत, एकाच घरात वाढल्याचा परिणाम जवळजवळ शून्य आला. स्त्रियांमध्ये थोडा आला. बाकी सगळा वाटा प्रत्येकाच्या स्वतंत्र वाट्याला आलेल्या गोष्टींचा.

‘गे जीन’ सापडला का?

१९९३ मध्ये डीन हॅमर यांच्या गटानं एक्स गुणसूत्राच्या एका तुकड्यावर बोट ठेवलं, आणि जगभरच्या पेपरांनी ‘गे जीन सापडला’ असं छापून टाकलं. नंतरच्या अभ्यासांत ते कधी जुळलं, कधी नाही.

२०१९ मध्ये मग खूप मोठं काम झालं. ‘सायन्स’ या नियतकालिकात छापून आलं. ४ लाख ७७ हजारांहून जास्त लोकांचा डीएनए, त्यातले बहुतेक ब्रिटन आणि अमेरिकेतले. डीएनएवरच्या फक्त पाच जागा ठळकपणे हाती लागल्या, आणि त्या प्रत्येकीचा परिणाम एकदम बारीक. सगळे बारीक-बारीक फरक एकत्र धरले तर ८ ते २५ टक्के फरकाचा खुलासा होतो. डीएनए पाहून एखाद्या माणसाचा कल सांगता येणार नाही, असं संशोधकांनी स्वतःच स्पष्ट लिहिलं. आणखी एक अडचण : त्यांनी विचारलेला प्रश्न कलाचा नव्हता. ‘आयुष्यात कधी समलिंगी संबंध आला का’ एवढाच होता. आणि ती माणसं युरोपीय वंशाची होती, आपली नाही.

उंचीचं कसं असतं? एकच जीन तुम्हाला उंच करत नाही. हजारो जागा थोडाथोडा हातभार लावतात, वर आहार, आजारपणं. कलाचं तसंच काहीसं.

पोटातले नऊ महिने

आता सगळ्यात अचंबित करणारी गोष्ट. ब्लँचर्ड आणि बोगार्ट या कॅनडातल्या संशोधकांनी १९९६ मध्ये दाखवलं की ज्या मुलाला थोरले भाऊ जास्त, तो गे असण्याची शक्यता थोडी जास्त. थोरल्या बहिणींनी फरक पडत नाही. प्रत्येक थोरल्या भावामागे ही शक्यता साधारण एक तृतीयांशानं वाढते.

घाबरू नका, हिशोब करू. समजा पहिल्या मुलाची शक्यता शंभरात दोन. एक थोरला भाऊ असला तर ती शंभरात अडीचच्या जरा वर. तरी शंभरातले सत्त्याण्णव भिन्नलैंगिकच. त्यामुळे ‘तीन भाऊ आहेत, धाकटा नक्की...’ असं काही करू नका.

मग हे होतं कशानं? २००६ मध्ये बोगार्ट यांनी पाहिलं की एकाच आईच्या पोटचे थोरले भाऊ वेगळ्या घरात वाढले तरी परिणाम दिसतो. सावत्र किंवा दत्तक थोरले भाऊ एकाच घरात असले तरी दिसत नाही. म्हणजे कारण घरात नाही, गर्भाशयात आहे. त्यामागचं स्पष्टीकरण असं : मुलाचा गर्भ राहिला की पुरुषांच्या वाय गुणसूत्रामुळे तयार होणारी काही प्रथिनं आईच्या शरीराला परकी वाटतात. ती त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार करते, आणि प्रत्येक मुलागणिक ती वाढत जातात. त्यांचा परिणाम पुढच्या मुलाच्या घडणाऱ्या मेंदूवर होत असावा. गे मुलांच्या आयांमध्ये, विशेषतः ज्यांना आधीही मुलगे झाले होते त्यांच्यात, अशा एका प्रथिनाविरुद्धची प्रतिपिंडं जास्त सापडली, हे याच गटानं पुढे छापलं. अजून बाकीच्यांनी ते पडताळून पाहायचं आहे. आणि बहुतेक गे पुरुषांचं कारण हे नाहीच, कारण कितीतरी गे पुरुष घरातले थोरले किंवा एकुलते असतात.

स्त्रियांबद्दल संशोधन कमी झालंय. पण एक धागा आहे. काही मुलींना जन्मतः अॅड्रिनल ग्रंथीचा विकार असतो. त्यांच्या वाट्याला गर्भातच पुरुषी संप्रेरकं जास्त येतात. मोठेपणी त्यांच्यात स्त्रियांकडे आकर्षित होणाऱ्यांचं प्रमाण इतर स्त्रियांपेक्षा जास्त असतं. तरी त्यांच्यातल्याही बहुतेकींना पुरुषच आवडतात. म्हणजे पुन्हा तेच : हातभार आहे, निकाल नाही.

डावखुऱ्याची गोष्ट

हे सारं डोक्यात ठेवायला एक सोपी तुलना देतो. साधारण दहातला एक माणूस डावखुरा असतो. थोडं रक्तातून येतं, पण आईबाप उजवे असून पोरगं डावखुरं होतं. हुबेहूब जुळ्यांतही एक डावखुरा आणि दुसरा उजवा अशा जोड्या भरपूर. कोणी ठरवून डावखुरं होत नाही. आपल्याकडे डाव्या हातानं जेवलं की फटका, शाळेत डाव्या हातानं लिहिलं की पट्टी. त्यानं काय झालं? पोरं उजव्या हातानं लिहायला शिकली, अक्षर बिघडलं, पण बॉल फेकायची वेळ आली की डावाच हात वर. हात दाबता आला, डावखुरेपण नाही गेलं.

‘पण काही लोकांचं आकर्षण वयानुसार बदलतं ना?’ हो, काहींचं बदलतं, स्त्रियांमध्ये हे जास्त नोंदलं गेलंय. पण आपोआप बदलणं वेगळं आणि दुसऱ्यानं जोर लावून बदलणं वेगळं.

आणि इथे खरा प्रश्न सुरू होतो

एवढं सगळं का सांगितलं? कारण ‘काहून’ हा प्रश्न घरात कधीच नुसत्या उत्सुकतेपोटी विचारला जात नाही. कारण सापडलं की ते दुरुस्त करता येईल, अशी आशा त्याच्या मागे असते.

अकोला जिल्ह्यातल्या एका श्रोत्याची व्हॉइस नोट आहे. परवानगी घेऊन, ओळख काढून सांगतो. वय २४. घरी कळलं. घरच्यांनी एका डॉक्टरकडे नेलं. त्यांनी इंजेक्शनं सुचवली आणि म्हणाले, ‘लग्न लावून द्या, सारं ठीक होते.’ आता मुली पाहणं सुरू आहे. त्यानं विचारलंय, ‘भाऊ, खरंच ठीक होते का?’

भावा, नाही होत. आणि हे मी नाही म्हणत. अमेरिकन मानसोपचार संघटनेनं समलैंगिकता आजारांच्या यादीतून १९७३ मध्ये काढली, जागतिक आरोग्य संघटनेनं १७ मे १९९० ला. भारतीय मानसोपचार संघटनेनं २०१८ मध्ये जाहीर सांगितलं की हा आजार नाही. ज्यांच्या अभ्यासाचा दाखला देऊन लोक ‘बदलता येतं’ म्हणायचे, त्या रॉबर्ट स्पिट्झर यांनी २०१२ मध्ये त्या अभ्यासाबद्दल गे समाजाची माफी मागितली. आणि आपल्याकडे, मद्रास उच्च न्यायालयात न्यायमूर्ती आनंद व्यंकटेश यांच्यासमोर चाललेल्या प्रकरणानंतर, राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं २०२२ मध्ये राज्यांच्या वैद्यकीय परिषदांना कळवलं : असे ‘बदलाचे उपचार’ करणं हे डॉक्टरसाठी व्यावसायिक गैरवर्तन आहे. म्हणजे इंजेक्शन सुचवणारा डॉक्टर उपचार करत नाही, नियम मोडतोय. त्याविरुद्ध महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडे तक्रार करता येते.

लग्नाचं म्हणाल, तर त्यात आणखी एक माणूस आहे. ती मुलगी. तिला कोणी विचारलेलं नाही. ती वर्षानुवर्षं स्वतःतच खोट शोधत बसणार : माझ्यातच काही कमी आहे का? एकाच्या ‘उपचारा’साठी दुसरीचं आयुष्य औषध म्हणून वापरायचं, हे कोणत्या हिशोबात बसतं? घरी प्रेमाबद्दल बोलता येत नसेल, तर या मुलीबद्दल बोला. ‘तिच्यावर अन्याय होईल, मी हे करणार नाही’ हे वाक्य पुष्कळ आयांना समजते.

लगेच घरी सगळं सांगा, असंही मी म्हणणार नाही. कमाई हातात नाही, राहायची दुसरी सोय नाही, मारहाणीची भीती आहे, तर आधी स्वतःची सुरक्षितता. एक विश्वासाचं माणूस पाहा, मित्र, बहीण, मावशी. नागपुरात सारथी ट्रस्ट, पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी सुरू केलेला समपथिक ट्रस्ट, मुंबईत हमसफर ट्रस्ट यांनी या विषयावर काम केलेलं आहे. मन फारच खाली गेलं तर सरकारची टेलिमानस सेवा आहे, १४४१६, फोन फुकट, दिवसरात्र.

कारण नाहीच कळलं तर?

शेवटचा मुद्दा. काही लोक म्हणतात, ‘बिचाऱ्यांचं जन्मजात आहे, त्यांना काय दोष द्यायचा?’ भाव चांगला आहे, पण मला हे वाक्य पटत नाही. यात ‘दोष’ आधीच गृहीत धरलाय. उद्या एखादा अभ्यास म्हणाला की जन्माचा वाटा कमी आहे, तर काय, हक्क परत घेणार? माणूस धर्म बदलू शकतो, तरी धर्माचं स्वातंत्र्य आपल्या संविधानात आहेच ना. ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांनी नवतेज सिंग जोहर खटल्यात निकाल दिला, तो समानतेवर, खाजगीपणावर, माणसाच्या प्रतिष्ठेवर उभा आहे. डीएनएच्या रिपोर्टची त्याला गरज नाही. लग्नाचा हक्क मात्र १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात मिळाला नाही, ती गोष्ट अजून बाकी आहे.

तर आजचा हिशोब : जीन्स थोडे, गर्भातल्या घडामोडी थोड्या, योगायोग बराच, आणि या सगळ्याचं नेमकं गणित अजून कोणाच्याच हाती लागलेलं नाही. आईचा लाड, बापाचा धाक, होस्टेल, मोबाईल यांचा त्यात हात दिसत नाही. म्हणून पुढच्या वेळी कोणी ‘तो असा काहून झाला?’ म्हणालं, तर उलट विचारा, ‘काकाजी, तुम्हाला काकू काहून आवडल्या?’ उत्तर नाही येणार. दोघांचं कारण सारखंच आहे.

तुमचे प्रश्न पाठवा, नाव नाही टाकलं तरी चालते. पुढच्या भागात भेटू. काळजी घ्या, आणि बाजूच्याचीही घ्या.